अकरा चाळीसची नोंद

बाबांचं नाव भिंतीवर लागलं. जिल्ह्याच्या मुख्यालयात, आवारातल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर, ‘कर्तव्य बजावताना’ या मथळ्याखाली, वरून सातव्या ओळीत. त्यांच्या वर पुरात वाहून गेलेला एक हवालदार आहे, खाली वीज पडून गेलेला एक शिपाई. अक्षरं सोनेरी, शुद्धलेखन बरोबर. एवढ्याला दोन वर्षं, अकरा अर्ज आणि एक माणूस लागला. आता हे झालंच नाही असं धरू. मी तरी तसंच धरून बसलोय. गुरुवार आहे, दुपारचा सव्वा वाजलाय, आईने मोबाईलवर एक फोटो पाठवलाय आणि तो मी उघडलेला नाही. उघडला असेल तर पाहिलेला नाही. पाहिला असेल तर त्यातली सातवी ओळ वाचलेली नाही. पोलिसाचा मुलगा आहे मी, जबाब कसा द्यायचा ते मला कळतं.

मी लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्ट बनवत नाही, दुरुस्तही करत नाही. या शहरात आमच्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की माझ्या कानात वाजतं. मग मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्या माणसाशी बोलत राहायचं. नियम एकच, दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. टेबलावर एक कार्ड चिकटवलंय, त्यावर तीन वाक्यं आहेत: घाबरू नका, आपण सुरक्षित आहात, मदत निघालेली आहे. पहिलं वाक्य ऐकेपर्यंत बहुतेक लोक घाबरलेले नसतात. आमच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नाही. आम्ही चार मजले जिना चढून येतो आणि धापा टाकत लोकांना शांत राहायला सांगतो. फोटो आला, मी तो उघडला नाही, आणि तेवढ्यात टेबलावरचा कॉलचा दिवा लागला. एक गृहस्थ होते. “मी अडकलोय,” ते म्हणाले. कितव्या मजल्यावर, मी विचारलं. “ते कळत असतं तर अडकलो कशाला म्हणालो असतो?” मी कार्ड वाचून दाखवलं. “वाचून दाखवू नका हो,” ते म्हणाले, “बोला काहीतरी. तुम्ही गप्प झालात की हे दार पुढे सरकतं. घरी कोण कोण आहे तुमच्या?” आई आहे, गावी असते, मी म्हणालो. आणि वडील? वडील पोलिसात होते. “अरे वा,” गृहस्थ म्हणाले, “म्हणजे घरात शिस्त.” मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. आमच्याकडे वेळच वेळ होता.

शिस्त. लोक शोकसभेतही हेच म्हणाले होते. शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल, श्रद्धाळू. खात्याच्या परिपत्रकातही हेच तीन शब्द होते, त्याच क्रमाने. बहुधा ते साच्यातच असतात आणि फक्त नाव बदलायचं राहतं. हे शब्द ऐकले की माझ्या दाढा एकमेकींवर चढतात. कुटुंबवत्सल म्हणजे काय ते मी सांगतो. माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा दारात सरकारी जीप उभी होती. बाबांनी टॅक्सी मागवली. जीप सरकारची, कळा खासगी. आई टॅक्सीतून गेली आणि टॅक्सीच्या मागोमाग जीप गेली, कारण त्या वेळचा गस्तीचा रस्ता दवाखान्यावरूनच होता. टॅक्सी खड्ड्यात आपटली की जीपही त्याच खड्ड्यात आपटायची, आणि आई मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघत होती. काय नजरेने बघत होती, ते ती मला अजून सांगते. त्या दिवशीच्या गस्तीच्या नोंदीत लिहिलंय, ‘संशयास्पद काही आढळले नाही.’ माझ्या जन्माचा हा एकमेव सरकारी पुरावा आहे.

आणि फोटो. ठाण्यात त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आमचा एकच फोटो होता, आई खुर्चीवर, मी तिच्या मांडीवर, माझे पुढचे दोन दात पडलेले. सगळ्यांच्या टेबलावर कुटुंबाचा फोटो असतो, त्यात काय, असं वाटेल. पण बाकीच्यांचा फोटो स्वतःकडे तोंड करून असतो. बाबांचा उलटा होता, समोरच्या बाकाकडे तोंड करून. म्हणजे आरोपीकडे. बाबा हात उचलत नसत. सव्वीस वर्षांत कुणाला चापट मारली नाही, ही गोष्ट गावात अभिमानाने सांगतात. ते फक्त काचेवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांग.” सायकलचोर, कुलूपफोड्या, शेजाऱ्याच्या पाईपलाईनला भोक पाडणारा, सगळ्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिलाय. सगळ्यांनी माझी शपथ घेतलीय. आणि त्यातले निम्मे खोटं बोललेत. खोट्या शपथेने माणूस मरतो असं म्हणतात, त्या हिशोबाने मी पहिलीतच जायला हवा होतो. आईला हे कळलं तेव्हा ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, “माझ्या पोराला तुमच्या चोरांच्या ताटात वाढू नका.” बाबा म्हणाले, “अगं, देव पाठीशी आहे त्याच्या.” आई म्हणाली, “देवाला बाकीची कामं नाहीत का?” बाबांच्या मते खरंच नव्हती.

श्रद्धाळूचं असं. ठाण्यापासून चारशे पावलांवर, चढाच्या मध्यावर प्रार्थनाघर आहे. बाबा रोज तिथे जायचे. पण सरकारच्या वेळात देवाकडे जाणं ही त्यांच्या मते चोरी होती. म्हणून जाण्याआधी ते टोपी आणि पट्टा काढून टेबलावर ठेवायचे आणि ठाण्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचे: ‘११.४०, बाहेर. वैयक्तिक. देवाकडे.’ आल्यावर लिहायचे: ‘१२.००, परत.’ आणि संध्याकाळी वीस मिनिटं जास्त थांबून भरून काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा कुठलाही अधिकारी असलं काही लिहीत नव्हता. दुसरे अधिकारी दुपारी घरी जाऊन झोपायचे आणि वहीत ‘बंदोबस्त’ लिहायचे. कारकूनकाका, म्हणजे ठाण्यातले जुने कारकून, वही त्यांच्याच ताब्यात असायची, ते कितीदा म्हणाले, “साहेब, ‘पाहणी’ लिहा. देवाची पाहणीच म्हणायची.” बाबा म्हणायचे, “त्याची पाहणी करणारा मी कोण?” ही नम्रता आहे असं तुम्हाला वाटेल. मला विचाराल तर याच्याएवढा अहंकार मी दुसरा पाहिलेला नाही.

गृहस्थ लिफ्टमधून म्हणाले, “थोर माणूस.” मी म्हणालो, हो, सगळे तसंच म्हणतात. “तुम्ही चिडल्यासारखे वाटता.” मी कार्डाकडे पाहिलं. चिडलेल्यासाठी त्यावर वाक्य नव्हतं.

मी तेरा वर्षांचा असताना शाळेतल्या प्रयोगशाळेची काच फुटली. फोडली मीच, दगडाने, कारण काय होतं ते आता आठवत नाही, बहुधा काच होती एवढंच. सुट्टीचा दिवस होता. पहारेकऱ्याने पोरं पळताना पाहिली, चेहरे नाही. बाबा घरी विचारू शकले असते. घरी जेवायचं टेबल होतं, खुर्च्या होत्या, पंखा होता. ते मला ठाण्यात घेऊन गेले, पायी, जीप मागे ठेवून. आरोपीच्या बाकावर बसवलं. बाक गुळगुळीत होता, इतक्या लोकांनी चुळबुळ करून करून. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांग.” मी पाहिलं. आई होती, आणि मी होतो, दात पडलेला, खूष. मी माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं की मी फोडली नाही. म्हणजे मी माझीच खोटी शपथ घेतली. जगात असा प्रसंग फार लोकांवर आला नसेल. बाबांनी लिहिलं, ‘कबुली नाही.’ मला म्हणाले, “घरी जा.” एवढंच. ओरडले नाहीत, कान धरला नाही. मी घरी जाताना दर दहा पावलांनी मागे वळून बघत होतो, ते येतायत का. इतर मुलांना बाप मारायचे आणि मग रात्री पांघरूण घालायचे. मला पुराव्याअभावी सोडून देण्यात आलं. मी अजून तसाच सुटलेला आहे.

आणि सुई. आता सुईबद्दल बोलायचं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून सावकाश बोलतो. सुई हे टोपणनाव. खरं नाव वहीत नऊ ठिकाणी आहे, पण वापरलं कुणी नाही. कुठल्याही फटीतून जायचा म्हणून सुई. हाडकुळा, खांदे आत ओढलेले, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा, कारण चपला-बूट हा त्याचा धंदा. प्रार्थनाघराच्या दारात लोक पादत्राणं काढून आत जायचे आणि अनवाणी घरी जायचे. बाबांनी त्याला नऊ वेळा पकडला. नऊ वेळा त्याने माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं की मी नाही, आणि नऊही वेळा तोच होता. नवव्या वेळी सुटून आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, “कुठला जोड चांगला, कुणाचं लक्ष नाही, कधी उचलायचा, हे तुझ्याइतकं गावात कुणाला कळत नाही. मग राखायला तुझ्याहून चांगला कोण?” आणि त्यांनी सुईला दारात चपला राखायला बसवला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, गाव म्हणालं. पहिला महिनाभर लोक चपला हातात धरून प्रार्थना करत होते. बाबा रोज ११.४५ ला यायचे, बूट काढायचे आणि सुईच्या पुढ्यात ठेवायचे, सगळ्यांना दिसेल असे. हळूहळू लोकही ठेवायला लागले. सुई सगळे जोड ओळीत लावायचा, टाचा आत, पुढे रस्त्याकडे, म्हणजे बाहेर आलं की पाय सरळ आत. सहा वर्षांत एक जोड गेला नाही. गावाला वाटतं बाबांची श्रद्धा देवावर होती. आईला वाटायचं घरावर. माझं मत वेगळं आहे. मी घरी असायचो ना, मला माहीत आहे कुठे नव्हती ते. मला बाकावर बसवलं. त्याच्या पुढ्यात बूट काढून ठेवले.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी बाबा प्रार्थना करून दारात आले. चढाच्या वरच्या टोकाला सिमेंटचा ट्रक उभा होता, चालक पाणी प्यायला उतरलेला, ब्रेक नीट ओढलेला नव्हता. ट्रक आपला आपण निघाला. सुई रस्त्याकडे पाठ करून जोड लावत बसला होता. बाबांनी त्याला ढकललं. सुई भिंतीपाशी जाऊन पडला आणि त्याचा कोपर खरचटला. बाबांचं काय झालं ते मी सांगणार नाही. ते अनवाणी होते, बिनटोपीचे, बिनपट्ट्याचे. त्यांचे बूट जिथल्या तिथे राहिले, टाचा आत, पुढे रस्त्याकडे. वहीत ‘११.४०, बाहेर. वैयक्तिक. देवाकडे’ होतं आणि पुढे ‘परत’चा रकाना कोरा. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे ते अजून देवाकडेच आहेत. सबंध खात्याच्या इतिहासात एवढी अचूक नोंद झाली नसेल.

याच नोंदीवर सगळं अडलं. आईला दुसरं काही नको होतं. क्वार्टर सोडायला लावली, सोडली. टोपी जमा करा म्हणाले, केली. तिला फक्त त्या भिंतीवर नाव हवं होतं. “सव्वीस वर्षं ते तिकडचे होते रे,” ती म्हणायची. “जेवताना तिकडचे, झोपेत तिकडचे. तुझ्या बारशाला तिकडचे. मग आता तिकडचे म्हणतायत आमचा नव्हता. मग होता तरी कुणाचा तो माणूस?” मी अर्ज केला. उत्तर आलं, नोंदीनुसार अधिकारी सदर वेळी वैयक्तिक कामासाठी बाहेर होते, सबब मागणी विचारात घेता येत नाही. दुसरा केला. तेच उत्तर, फक्त ‘सबब’च्या जागी ‘यास्तव’. मी इथे अडकलेल्या लोकांना सांगायचो मदत निघालेली आहे, आणि एका हाताने अर्ज लिहायचो. दर वेळी आई फोनवर विचारायची, “काय म्हणतायत?” आणि दर वेळी मला बाबांचा राग यायचा, खात्याचा नाही. एक शब्द. ‘पाहणी’ एवढा एक शब्द लिहिला असता तर काय झालं असतं? देव रागावला असता? ज्याच्यावर एवढा विश्वास, त्याच्याकडून एका शब्दाची माफी मिळेल एवढाही विश्वास नव्हता?

दहावा अर्ज फेटाळल्यावर मी रजा घेऊन गावी गेलो आणि ठाण्यात बसून जुन्या वह्या वाचल्या. कधीतरी ते प्रार्थनेच्या वेळात कामावर असतील, एखादा पुरावा मिळेल, म्हणून. चौदा वर्षांच्या वह्या. ११.४० बाहेर, १२.०० परत. ११.४० बाहेर, १२.०० परत. एक मिनिट इकडे तिकडे नाही. एकाच दिवशी फरक सापडला. १२.०५, परत. मी तारीख पाहिली आणि वही मिटली. कारकूनकाकांनी विचारलं, काय झालं. काही नाही, मी म्हणालो. तो प्रयोगशाळेच्या काचेचा दिवस होता. माझ्यासाठी त्यांनी देवाकडे पाच मिनिटं जास्त घेतली होती. मला पाच मिनिटं दिली असती तर मी सांगितलं असतं. मी सगळं सांगितलं असतं. दगड दाखवला असता. पण ती पाच मिनिटं ते दुसरीकडे देऊन आले, आणि संध्याकाळी नियमाप्रमाणे पंचवीस मिनिटं जास्त थांबून भरूनही काढली, म्हणजे त्या दिवशी घरी आणखी उशिरा आले. इतका राग मला आयुष्यात आला नाही आणि राग येताना इतकं रडूही कधी आलं नाही.

कारकूनकाका तेव्हा म्हणाले, “एक कलम आहे.” ते सांगायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं, म्हणजे ते कलम किती घाण होतं बघा. “अधिकारी कामावर नसला तरी त्याच्यासमोर गुन्हा घडत असेल आणि तो मध्ये पडला, तर त्या क्षणापासून तो कामावर धरतात.” मी म्हणालो, पण गुन्हा कुठे घडत होता? “तेच ना. नव्हता घडत.” खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. कपाटापाशी जमिनीवर सुई बसला होता. बाबांचे बूट ठाण्याच्या कपाटात चिठ्ठी बांधून ठेवलेले होते, चौकशीतली वस्तू म्हणून, आणि सुई रोज येऊन त्यांना पॉलिश करायचा. कुणी त्याला अडवत नव्हतं. तो ब्रश न थांबवता म्हणाला, “मग गुन्हा मी देतो ना.” काका म्हणाले, “गप बस रे.” “गप कशाला? मी बूट उचलत होतो. साहेबांनी पाहिलं. मला धरायला धावले. मध्ये ट्रक आला. सरळ आहे की. नऊदा केलंय, दहाव्यांदा कुणाला खोटं वाटणार?” मी म्हणालो, तू उचलत नव्हतास. “ते तुम्हाला माहीत, मला माहीत. भिंतीला कोण सांगणार?” मग पहिल्यांदाच पायांवरून नजर वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, “छोटे साहेब, सहा वर्षं माझ्या नावावर वहीत काहीच नाही. पानं कोरी. बरं दिसत नाही.”

मी नाही म्हणालो. एकदा. तेही इतकं हळू की काकांना ऐकू गेलं नसेल, आणि मला ते ऐकू जायला नकोच होतं. मला आईचा आवाज ऐकू येत होता, काय म्हणतायत. काकांनी कागद ओढला. “फिर्यादी लागेल,” ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. “बुटांचा वारस.” वारस मीच. काकांनी सुईला टेबलाच्या काचेपाशी नेलं. नव्या साहेबांनी तो फोटो काढला नव्हता, काच जड होती म्हणून. सुईने माझ्या डोळ्याला डोळा दिला, तिथल्याही आणि बाजूला उभ्या असलेल्याही, आणि शपथेवर सांगितलं की त्याने साहेबांचे बूट चोरले. दहावी खोटी शपथ. आणि मी अकरावा अर्ज त्या जबाबासकट जोडला. न्यायाधीशांना फार वाईट वाटलं. चपला-बूट चोरीला महिनाभराची शिक्षा होते. पण देवाच्या दारात, आणि तेही कर्तव्य बजावताना गेलेल्या अधिकाऱ्याचे बूट, म्हणून चार महिने दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आम्ही आधी चोराचा संन्यासी होऊ दिला, आणि मग. आईला मी एवढंच सांगितलं की एक कलम निघालं.

हे सगळं मी मोठ्याने बोलत होतो हे मला गृहस्थांच्या श्वासावरून कळलं. केव्हापासून बोलत होतो ते माहीत नाही. “मग,” ते म्हणाले, “तुम्ही सही केलीत.” केली. दार पुढे सरकत असेल, मला वाटलं. मग ते म्हणाले, “आईसाठी ना. मीही केली असती.” मला इतक्या मायेने कुणी इतकं वाईट बोललं नव्हतं. मला वाटलं होतं एखादा तरी माणूस म्हणेल की शी. मी वाटच बघत होतो, दोन महिने, कुणीतरी म्हणेल म्हणून. मी म्हणालो, तुम्हाला काय कळतं? तुम्ही एका डब्यात उभे आहात. चार भिंती आणि एक आरसा, तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका. “आवाज चढवू नका,” गृहस्थ म्हणाले, “मी ग्राहक आहे.” तेवढ्यात तिकडे धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला, मेकॅनिक काहीतरी म्हणाला, आणि गृहस्थ निघून गेले. आभार नाही, येतो नाही. दार उघडल्यावर सगळे असेच जातात. दिवा विझला.

मग आईचा फोन आला. “फोटो बघितलास?” बघतो, मी म्हणालो. “सातव्या ओळीत आहे. मी हात फिरवला. दगड ऊन होता, सकाळी उन्हात असतो ना. शेजारचीला पण दाखवलं. ती म्हणाली, अक्षर सुरेख आहे.” मी हं म्हणालो. “सुई आला नाही रे. मी त्याच्यासाठी प्रार्थनाघरात निरोप ठेवायला गेले, की बाबा, चल, तुझ्या साहेबांचं नाव लागतंय. तर दारात नुसता चपलांचा ढीग. माझी एक अजून सापडलेली नाही. कुणाला विचारलं तर तोंड फिरवतात. कुठे गेलाय तो?” मी म्हणालो, असेल कुठेतरी. सव्वीस वर्षं पोलिसाच्या घरात काढलेली बाई ती. दोन शब्दांत तिला जे कळतं ते ठाण्याला दोन महिन्यांत कळत नाही. “तू काय केलंस?” ती म्हणाली. मी सांगितलं. फोटो नव्हता, बाक नव्हता, तरी सांगितलं, कलमासकट, चार महिन्यांसकट. दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही, म्हणून धरून बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मला बरं वाटलं होतं रे सकाळी.” मग म्हणाली, “त्यांनी ज्याच्यासाठी जीव दिला, त्याला आपण आत घालून नाव लावलं.” मी म्हणालो, काढायला सांगू का नाव? ती लगेच हो म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. “नको,” ती म्हणाली. “नाव राहू दे. आणि त्याला सोडव. दोन्ही कर. तू अर्ज चांगले लिहितोस.” तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, तिला खरंच तसं वाटतं. तिने फोन ठेवला. मी कंपनीचा तक्रार-फॉर्म उलटा केला, मागची बाजू कोरी होती.

प्रति, ठाणे अंमलदार. विषय: अर्ज क्रमांक बारा. महोदय, खाली सही करणार मयत अधिकाऱ्याचा मुलगा व बूटचोरीच्या गुन्ह्यातील फिर्यादी असून, सदर फिर्याद खोटी आहे, बूट जागेवर होते, टाचा आत होत्या. सबब आरोपीस तात्काळ मुक्त करून उरलेले दोन महिने फिर्यादीच्या नावे करावेत. आरोपीच्या नावावरील दहावी नोंद खोडून मागील सहा वर्षांची कोरी पानं त्याला सन्मानपूर्वक परत करावीत. साहेब त्या दिवशी कामावर नव्हते असे धरावे. तरीही त्यांचे नाव भिंतीवर राहू द्यावे, कारण त्यावर हात फिरवला गेलेला आहे. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत याची अर्जदारास कल्पना असून त्या एकत्रच बसवण्यात याव्यात. तसेच सव्वीस वर्षांच्या सेवेत साहेबांनी रोजची वीस मिनिटं सरकारची नाहीत असे स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे. ती सरकारची नसल्यास व देवाने त्यांवर हक्क सांगितला नसल्यास, बेवारस मालमत्ता म्हणून कुटुंबाच्या ताब्यात देण्यात यावीत. एका दिवशीची पंचवीस आहेत, ती वेगळी मोजावीत. शेवटी, त्या मंगळवारच्या नोंदीत परतीच्या वेळेचा रकाना अद्याप कोरा आहे. तो कोणीही अंदाजाने भरू नये. भरणे नियमाने आवश्यकच असल्यास आधी माणूस परत करावा, त्याच्याच हाताने वेळ लिहून घ्यावी, आणि तशी पोच अर्जदारास देण्यात यावी, ही विनंती.